बाँब दिसत नाही, तरी छाती धडधडते

दिवाळीत सुतळी बाँब उडवताना काय होते ते आठवा. उदबत्तीचे टोक वातीला लागते, ठिणग्या फुरफुरू लागतात आणि तुम्ही कानांवर हात ठेवून मागे पळता. ठिणग्या दिसत असतात तोवर गंमत वाटते. मग त्या सुतळीच्या आत शिरतात आणि दिसेनाशा होतात. एक क्षण जातो, दुसरा जातो. आवाज नाही. वात विझली, की आतल्या आत जळते आहे? खरे पाहता डोळ्यांपुढे या वेळी काहीच घडत नसते. अंगणात सुतळीचा एक गोळा निपचित पडलेला असतो, एवढेच. पण छाती सर्वांत जास्त धडधडते ती नेमकी याच वेळी. (अशा न उडालेल्या बाँबजवळ पुन्हा जायचे नसते, हे तुम्हाला सांगायला नकोच.)

आता समजा, त्याच वेळी शेजारचे काका भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत आले. त्यांना काहीच ठाऊक नाही. ते चपला काढतात, हवापाण्याच्या गप्पा सुरू करतात, दोन पावले पुढे येतात. तुमचा जीव वरखाली होऊ लागतो. काका मात्र मजेत आहेत. तुमच्यात आणि त्यांच्यात फरक एकच आहे : तुम्ही वात पेटताना पाहिली आहे.

रहस्यपट आणि थरारपट काढणारे कुशल दिग्दर्शक या फरकावरच आपले सारे काम उभारतात. ते कसे, हे आपण एका प्रसिद्ध प्रसंगाच्या आधारे पाहू या. या प्रसंगावर शास्त्रज्ञांनी प्रयोगही केले आहेत आणि त्यांतून निघालेली गोष्ट मोठी चमत्कारिक आहे.

एका मोटारीची गोष्ट

१९५८ साली ‘टच ऑफ ईव्हिल’ नावाचा एक अमेरिकन चित्रपट पडद्यावर आला. दिग्दर्शक होते ऑर्सन वेल्स आणि छायाचित्रकार होते रसेल मेटी. कथा घडते ती मेक्सिको आणि अमेरिका यांच्या सरहद्दीवरील एका काल्पनिक गावात. चित्रण मात्र झाले लॉस एंजेलिसच्या व्हेनिस नावाच्या भागात. इटलीतील व्हेनिसच्या धर्तीवर तेथे कमानींच्या ओवऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्या काळी त्यांना बरीच अवकळा आली होती. वेल्स यांना असेच गाव हवे होते.

पडदा उजळतो तो दोन हातांवर. त्या हातांत एक टाइमबाँब आहे. बोटे तबकडी फिरवतात आणि सुमारे तीन मिनिटांची वेळ लावतात. दुरून एका स्त्रीचे हसणे ऐकू येते. तो माणूस दचकून वळतो. ओवरीच्या टोकाशी एक जोडपे येताना दिसते. माणूस पळत सुटतो, त्याची भलीमोठी सावली भिंतीवरून सरकते. उघड्या टपाच्या एका मोटारीची डिकी उघडून तो बाँब आत ठेवतो, झाकण लावतो आणि अंधारात नाहीसा होतो. तेवढ्यात ते जोडपे येते, मोटारीत बसते आणि मोटार चालू लागते.

बाँब आपल्याला दिसतो तो एवढाच. पुढच्या तीन मिनिटांत तो एकदाही पुन्हा दाखवलेला नाही.

मोटार एका इमारतीच्या मागे जाते. कॅमेरा वर वर चढतो, छपरांवरून पाहू लागतो आणि पलीकडच्या रस्त्यावर मोटारीला पुन्हा गाठतो. चौकात रहदारीचा पोलीस मोटार थांबवतो. फेरीवाल्यांच्या गाड्या आडव्या जातात. एवढ्यात दुसरे एक जोडपे मोटारीसमोरून रस्ता ओलांडते. हे आहेत नवविवाहित व्हर्गास आणि त्यांची पत्नी सुसान. भूमिका चार्ल्टन हेस्टन आणि जॅनेट ली यांच्या. कॅमेरा आता खाली उतरतो आणि या दोघांबरोबर चालू लागतो. मोटार मागे पडते. मग पुढे येते. शेळ्यांचा एक कळप वाटेत येतो, मोटार पुन्हा अडते, हे दोघे तिच्या बाजूने पुढे निघून जातात. सरहद्दीच्या नाक्यावर मोटार आणि जोडपे अगदी जवळजवळ येऊन थांबतात. नाक्यावरचे अधिकारी व्हर्गास यांचे लग्नाबद्दल अभिनंदन करतात. मोटारीतली बाई तक्रार करते की, आपल्या डोक्यात टिकटिक ऐकू येते आहे. तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मोटार नाका ओलांडून चौकटीबाहेर जाते. जोडपे चार पावले चालते, एकमेकांच्या जवळ येते, आणि स्फोट होतो. तोही आपल्याला आधी ऐकू येतो. दोघे वळून पाहतात आणि मगच जळती मोटार दिसते.

हे सारे तीन मिनिटे वीस सेकंदांच्या आसपास चालते, आणि एवढ्या वेळात चित्रफितीला एकदाही कात्री लागलेली नाही.

न कापण्याचे महत्त्व

त्या काळी चित्रपट ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर घेत. सेकंदाला २४ चौकटी, आणि एका फुटात १६ चौकटी. म्हणजे सेकंदाला दीड फूट फिल्म कॅमेऱ्यातून सरकते. दोनशे सेकंदांचा हिशेब तुम्हीच करा : ४,८०० चौकटी आणि ३०० फूट फिल्म. एका डब्यात हजार फूट फिल्म मावते, त्यामुळे यंत्राच्या दृष्टीने यात अवघड काही नव्हते. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९४८ च्या ‘रोप’ या चित्रपटात एकेक तुकडा जवळजवळ दहा मिनिटांपर्यंत नेला होता.

मग न कापण्याचा लाभ काय? कापलेल्या चित्रपटात वेळ लवचीक असतो. नायक दाराबाहेर पडतो, आणि पुढच्याच चौकटीत तो आगगाडीत बसलेला दिसतो. मधला तास गळून पडला याचे आपल्याला काहीच वाटत नाही. पण दृश्य सलग असेल तर पडद्यावरचे एक सेकंद आणि आपल्या मनगटावरचे एक सेकंद सारखेच. बाँबचे घड्याळ आपण लावताना पाहिले आहे. आता ते घड्याळ आणि आपले घड्याळ बरोबर चालतात. पोलिसाने हात आडवा केला की वीस सेकंद गेले. शेळ्या आल्या, आणखी गेले. बाँब पुन्हा दाखवण्याची गरजच उरत नाही, कारण मोजण्याचे काम प्रेक्षक आपण होऊन करतो. हलक्या प्रतीच्या थरारपटांत दर दहा सेकंदांनी घड्याळाचा काटा दाखवण्याची खोड असते. प्रेक्षक विसरेल अशी धास्ती त्यांना वाटते. माझ्या मते वेल्स यांचे खरे धाडस लांबलचक दृश्य घेण्यापेक्षाही तो बाँब पुन्हा न दाखवण्यात आहे.

कॅमेरा उचलण्यासाठी जी यारी वापरली, ती म्हणजे तुमच्या पुस्तकातली पहिल्या प्रकारची तरफ. समजा, लांब बाहूच्या टोकाशी कॅमेरा आणि माणसे मिळून २०० किलोग्रॅम वजन आहे आणि ते टेकूपासून ६ मीटरवर आहे. दुसरा बाहू २ मीटरचा असेल तर त्याच्या टोकाशी ६०० किलोग्रॅमचे प्रतिवजन हवे. दोन्ही बाजूंचा समतोल साधला की एवढा बोजा हाताच्या हलक्या रेट्याने वरखाली होतो. धक्का बसला तर चित्र हलेल, आणि चित्र हलले की प्रेक्षकाला बाँबऐवजी कॅमेऱ्याची आठवण होईल.

दुसरी गोष्ट भिंगाची. वेल्स यांना विशालकोन भिंगांचे फार वेड. अशा भिंगाचे नाभीय अंतर कमी असते आणि त्यामुळे जवळचे व दूरचे असे दोन्ही एकाच वेळी स्पष्ट उमटते. किती स्पष्ट, याचा हिशेब मनोरंजक आहे. भिंग एका विशिष्ट अंतरावर केंद्रित केले की त्याच्या निम्म्या अंतरापासून थेट क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट दिसते. हे विशिष्ट अंतर नाभीय अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. भिंगाच्या छिद्राचा व्यास नाभीय अंतराच्या चौथ्या हिश्शाएवढा घेतला आणि फिल्मवर एक चाळिसांश मिलिमीटर अस्पष्टता चालेल असे धरले, तर ५० मिलिमीटरच्या भिंगासाठी ते अंतर २५ मीटर येते. म्हणजे साडेबारा मीटरच्या अलीकडचे सारे पुसट. १८ मिलिमीटरच्या भिंगासाठी तेच अंतर सव्वातीन मीटरांहूनही किंचित कमी येते आणि सुमारे १.६ मीटरपासून पुढचे सर्व काही रेखीव दिसते.

या प्रसंगात त्याचा उपयोग उघड आहे. पुढे नवविवाहित जोडपे बोलत चालले आहे आणि मागे, गर्दीत, ती मोटार. मागचे पुसट झाले असते तर प्रेक्षक मोटारीला विसरला असता. येथे ती कुठेतरी आहे हे कळत राहते. रात्रीचा काळोख, रस्त्याच्या दिव्यांचे तुटक उजेड आणि त्यांतून मोटारीचे दिसणे व लपणे यांचा खेळ अखेरपर्यंत चालतो.

हा प्रसंग एका दमात घेण्यासाठी एक सबंध रात्र गेली. सांगतात की, नाक्यावरच्या अधिकाऱ्याचे काम करणारा नट आपल्या एवढ्याशा वाक्यावर पुन्हापुन्हा अडखळे. तीन मिनिटे बिनचूक झाल्यावर शेवटी तो चुकला की सगळा लवाजमा परत पहिल्या जागी! उजाडायची वेळ झाली तेव्हा वेल्स यांनी त्याला सांगितले, काही बोलू नकोस, नुसते ओठ हलव. आवाज नंतर भरता येईल.

चित्रपट कंपनीने मात्र या दृश्यावर श्रेयनामावली छापली आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत वरून घातले. पडद्यावर अक्षरे आली की डोळा आधी अक्षरांकडे जातो, हे तुम्हाला बातम्यांच्या खाली सरकणाऱ्या ओळीवरून ठाऊक आहेच. वेल्स यांनी कंपनीला ५८ पानांचे टिपण पाठवून आपले म्हणणे मांडले होते. १९९८ साली संकलक वॉल्टर मर्च यांनी त्या टिपणानुसार चित्रपट पुन्हा जुळवला. आता सुरुवातीच्या दृश्यावर नावे नाहीत. संगीतही निरनिराळ्या उपाहारगृहांतून आणि मोटारीच्या रेडिओतून येते, त्यामुळे मोटार दिसत नसली तरी ती जवळ आली की कान ओळखतात. वेल्स तोवर हयात नव्हते. १९८५ साली त्यांचे निधन झाले होते.

डोळे कोठे असतात?

आता शास्त्रज्ञांच्या प्रयोगाकडे वळू. त्यासाठी डोळ्याविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. आपल्याला समोरचे सगळे स्पष्ट दिसते असे वाटते खरे, पण तसे नसते. दृष्टिपटलाच्या मध्याशी एक लहानसा खळगा आहे. बारीक तपशील दिसतात ते फक्त या भागावर पडलेल्या प्रतिमेतले. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. त्याच्या रुंदीने जेवढा कोन व्यापला, सुमारे दोन अंश, तेवढेच क्षेत्र एका वेळी नीट दिसते. बाकीचे धूसर. म्हणून डोळे सतत उड्या मारीत असतात, सेकंदाला साधारण तीन. आपल्या प्रसंगाच्या दोनशे सेकंदांत प्रेक्षकाची नजर सहाशेच्या आसपास ठिकाणी टेकते. कोठे टेकायचे हे कोण ठरवते?

सोव्हिएत शास्त्रज्ञ अल्फ्रेड यार्बुस यांनी याचा एक उत्तर देणारा प्रयोग केला होता. त्यांच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १९६७ साली निघाले. इल्या रेपिन या रशियन चित्रकाराचे एक चित्र आहे : एक माणूस अवचित घरी परतला आहे आणि घरची मंडळी चकित होऊन पाहत आहेत. यार्बुस यांनी हे चित्र एकाच माणसाला पुन्हापुन्हा दाखवले, पण दर वेळी प्रश्न निराळा विचारला. या माणसांची वये सांगा, म्हटले की नजर चेहऱ्यांवर फिरे. कुटुंब कितपत सधन आहे, म्हटले की ती कपड्यांकडे आणि सामानाकडे जाई. चित्र तेच, डोळेही तेच. मनातला प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलली.

यावरून आपला अंदाज काय होईल? मोटारीत बाँब आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो डोळे फाडफाडून मोटारीकडे पाहत राहील. ज्याला ठाऊक नाही, तो त्या नवविवाहित जोडप्याकडे पाहील. तर्क सरळ आहे. तुम्हीही हेच म्हणाला असता, खरे ना?

जॉन हटसन, लेस्टर लॉश्की, टिम स्मिथ आणि जोसेफ मॅग्लियानो या संशोधकांनी नेमके हेच तपासले. त्यांचा निबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यांनी घेतलेला प्रसंग म्हणजे हीच आपली मोटारीची गोष्ट. काही प्रेक्षकांना दृश्य पहिल्यापासून, बाँबसकट दाखवले. इतरांना बाँब ठेवून झाल्यानंतरचे दृश्य दाखवले. स्फोटाआधी चित्र थांबवले आणि विचारले, आता पुढे काय होईल? नजर टिपणारे उपकरण समोर लावलेलेच होते.

उत्तरे अर्थातच वेगळी आली. बाँब पाहिलेले स्फोटाची वाट पाहत होते, न पाहिलेल्यांना स्फोटाची कल्पनाच नव्हती. पण नजरेच्या नोंदी पाहिल्या तर दोन्ही गटांचे डोळे जवळजवळ सारख्याच वेळी सारख्याच जागी जात होते! दुसऱ्या एका फेरीत अज्ञानी गटाला त्याहीपुढून, ते जोडपे चालताना दिसते तेथपासून दाखवले. तरीही फरक पडला तो फारच थोडा.

म्हणजे एकाच अंधाऱ्या खोलीत दोन माणसे शेजारी बसली आहेत, दोघांची नजर जवळजवळ त्याच चेहऱ्यांवर, त्याच दिव्यांवर, त्याच शेळ्यांवर आहे, आणि एकाच्या घशाला कोरड पडली आहे तर दुसरा आरामात रस्त्याची गंमत पाहत आहे. चित्र दोघांच्या दृष्टिपटलावर सारखेच उमटते. भय त्या चित्रात नाही. तीन मिनिटांपूर्वी पाहिलेल्या एका लहानशा दृश्याच्या आठवणीत ते आहे.

यार्बुस यांचे म्हणणे मग खोटे ठरले काय? नाही. स्थिर चित्रासमोर तुम्ही मोकळे असता; हवे तेथे, हवा तितका वेळ पाहा. चित्रपट तशी सवड देत नाही. हलणारी वस्तू, माणसाचा चेहरा, उजेडाचा पट्टा, चौकटीचा मध्य ही डोळ्याला ओढून घेणारी ठिकाणे दिग्दर्शक क्षणोक्षणी बदलत राहतो, आणि नजर त्यांच्यामागे जाते. या संशोधकांनी याला चित्रपटाची जुलमी हुकूमत असे नाव दिले आहे. ती मोडावी कशी, हेही त्यांनी करून पाहिले. काही प्रेक्षकांना आधीच बजावले : दृश्य संपल्यावर या गावाचा नकाशा आठवणीने काढायचा आहे. तेव्हा कुठे डोळे माणसांना सोडून दुकानांकडे, पाट्यांकडे आणि इमारतींकडे वळले. मनात नेमके काम असेल तर हुकूमत मोडते. नुसती भीती असेल तर मोडत नाही.

आणखी एक धागा. २०१५ साली अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी थरारपटांतील प्रसंग मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपलेल्या माणसांना दाखवले. चित्र मध्यभागी, आणि त्याच्या कडेने लुकलुकणारा बुद्धिबळाच्या पटासारखा नक्षीपट्टा. प्रसंगातील ताण वाढला की मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील कडेचा भाग पाहणाऱ्या पेशींचे काम मंदावे. जणू मेंदू आजूबाजूच्या खिडक्या लावून घेतो आणि एकाच खिडकीशी उभा राहतो. सिनेमा ऐन रंगात असताना आईने चार वेळा हाक मारली तरी ती ऐकू येत नाही, त्याचे कारणही अशाच स्वरूपाचे असावे. (ही सबब आईला पटेल याची खात्री मी देत नाही.)

वर्गात करून पाहण्याजोगे

शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग शाळेत सहज करता येईल. मोबाइलवर दोन मिनिटांचे, मध्ये न थांबवलेले एक दृश्य घ्या. पहिल्या दहा सेकंदांत एक हात गजराच्या घड्याळाला चावी देतो, गजर लावतो आणि घड्याळ एका दप्तरात खाली दडवून दप्तर बंद करतो. घड्याळ पुन्हा दाखवायचे नाही. मग काही न जाणणारा एक मुलगा दप्तर उचलतो, ओवरीतून चालत जातो, मित्राशी दोन शब्द बोलतो, सूचनाफलकावरून पुढे जातो आणि वाचनालयात, सर्व जण शांतपणे वाचत असताना, ग्रंथपालांच्या टेबलाजवळ दप्तर ठेवतो. तेथेच चित्रण थांबवा. गजर खरोखर वाजण्याची गरज नाही.

विद्यार्थ्यांचे तीन गट पाडा आणि त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा. पहिल्या गटाला पूर्ण दृश्य दाखवा. दुसऱ्याला पहिले दहा सेकंद वगळून दाखवा. तिसऱ्यालाही तसेच, पण आधी सांगून ठेवा की शेवटी शाळेच्या त्या भागाचा नकाशा काढायचा आहे. नंतर सर्वांना कागदावर तीन प्रश्न द्या. पुढे काय होईल? दप्तर उचलल्यापासून शेवटापर्यंत किती सेकंद गेले असतील? सूचनाफलकावर आणि भिंतींवर काय काय होते? घड्याळे आणि मोबाइल आधीच काढून ठेवायला सांगा, आणि उत्तरे लिहून होईपर्यंत कुजबूज होऊ देऊ नका. एकाने ‘घड्याळ’ म्हटले की दुसरा गट फुकट गेला.

सेकंदांच्या उत्तरांची प्रत्येक गटाची सरासरी काढा आणि खऱ्या वेळेशी ताडून पाहा. भिंतीवरच्या वस्तू मोजताना चुकीच्या आठवणीही वेगळ्या लिहा. प्रत्येक गटात निदान पंधरा-वीस जण असावेत. चार-पाच जणांच्या सरासरीवर विसंबता येत नाही.